मुलांची झोप व रात्रीचा निरोप

प्राथमिक शाळेतील प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे एक दृश्य आहे. परिपाठ आटोपलेला असतो, हजेरी झालेली असते, फळ्यावर पहिले गणित मांडले जात असते. आणि मागच्या रांगेतील एखाद्या मुलाची मान हळूहळू खाली येऊ लागते. शेजारचा मुलगा त्याला कोपराने ढोसतो, वर्ग हसतो आणि गुरुजी त्याला उभे राहावयास सांगतात. हा प्रकार आठवड्यातून दोनतीनदा घडला म्हणजे त्या मुलाविषयी एक मत तयार होते. ‘आळशी’, ‘लक्ष नसलेला’, ‘मंद’ असे एखादे विशेषण त्याच्या नावाला चिकटते आणि पुढील इयत्तांतही ते त्याच्या मागे जाते. वास्तविक अशा पुष्कळ मुलांच्या बुद्धीत काहीच उणे नसते. त्यांची झोप तेवढी अपुरी असते. ती अपुरी का राहते व तिच्यासंबंधी शाळेला काय करता येईल, हे समजण्यासाठी शरीरात रोज सायंकाळी घडणाऱ्या एका सूक्ष्म क्रियेची ओळख करून घेणे आवश्यक आहे. मेलॅटोनिन नावाचा पदार्थ ह्या क्रियेच्या केंद्रस्थानी आहे.

झोप किती हवी?

झोपेच्या वैद्यकशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थेने २०१६ साली वयोमानानुसार झोपेचे प्रमाण प्रसिद्ध केले. त्याप्रमाणे ३ ते ५ वर्षांच्या बालकास दिवसभरात १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलास ८ ते १० तास झोप मिळावयास हवी. म्हणजे दुसरीतील मुलास सकाळी ६ वाजता उठावयाचे असेल, तर त्याला रात्री ९ वाजेपर्यंत झोप लागलेली असली पाहिजे. केवळ अंथरुणावर पडणे पुरेसे नाही.

महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्या प्रश्नाची दखल घेतली. मुले रात्री उशिरा झोपतात व सकाळी लवकर भरणाऱ्या शाळेमुळे त्यांची झोप पुरी होत नाही, हे ध्यानी घेऊन पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ ह्या शैक्षणिक वर्षापासून सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असे सांगण्यात आले. हे पाऊल स्तुत्य होय. परंतु खेड्यातील ज्या शाळा मुळातच साडेदहाच्या सुमारास भरतात, तेथेही डुलक्या घेणारी मुले आढळतात. घंटा पुढे नेता येते. पण झोप केव्हा यावी हे शाळेच्या घंटेवर ठरत नाही. ते आदल्या सायंकाळी ठरते.

बेडकाच्या कातडीवरून लागलेला शोध

मानवी मेंदूच्या मध्यभागी तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पिनियल ग्रंथी म्हणतात. प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन ह्याला ती माहीत होती. सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त ह्याने तर आत्म्याचे मुख्य स्थान हेच असावे असे मानले. तथापि ती ग्रंथी करते काय, हे पुढे दीर्घकाळ अज्ञातच राहिले.

१९१७ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी गुरांच्या पिनियल ग्रंथीचा अर्क बेडकांच्या शेपटीवाल्या पिल्लांना दिला, तेव्हा पिल्लांची काळसर कातडी फिकट झाली. ह्या निरीक्षणाचा धागा पुढे येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर ह्यांनी उचलला. त्वचेचा रंग कशामुळे बदलतो हे कळले, तर कोडासारख्या विकारावर उपाय सापडेल, अशी त्यांना आशा होती. कत्तलखान्यांतून मिळविलेल्या हजारो गुरांच्या ग्रंथी वापरून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली त्यातील क्रियाशील द्रव्य वेगळे केले आणि त्याला मेलॅटोनिन हे नाव दिले. कोडावर त्याचा उपयोग झाला नाही. मात्र ज्याचा शोध घेतला जात नव्हता, असे एक महत्त्वाचे तथ्य पुढील संशोधनातून हाती आले. हे द्रव्य दिवसा जवळजवळ आढळत नाही. रात्री मात्र रक्तात त्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढते.

असे द्रव्य शरीराच्या एका भागात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागांना सूचना देते, म्हणून त्याला संप्रेरक म्हणतात. मेलॅटोनिनने दिलेली सूचना एकच असते : ‘बाहेर रात्र झाली आहे.’

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेलॅटोनिन म्हणजे झोप आणणारे द्रव्य, असे सर्रास म्हटले जाते. परंतु उंदीर रात्री जागा असतो व धावपळ करतो. तरीही त्याच्या रक्तातील मेलॅटोनिन रात्रीच वाढते. म्हणजे हे द्रव्य अंधाराचा निरोप पोहोचविते. त्या निरोपावर काय करावयाचे, हे ज्या त्या प्राण्याच्या स्वभावावर अवलंबून असते. माणूस तो ऐकून झोपेच्या तयारीस लागतो. मेंढीचे शरीर त्याच निरोपावरून रात्र लांबली की आखूड झाली हे ओळखते व त्यानुसार तिचा माजाचा हंगाम ठरतो. आपल्याकडे दिवस लहान होऊ लागले म्हणजे म्हशी अधिक प्रमाणात माजावर येतात, हे पशुपालकांना अनुभवाने ठाऊक आहे. त्यामागेही दिवसाच्या लांबीचा व ह्या निरोपाचा संबंध असल्याचे मानले जाते.

शरीरातील घड्याळ

मग पिनियल ग्रंथीला रात्र झाल्याचे कोण सांगते? ह्याचे उत्तर मिळण्यास बराच काळ लागला. त्याचा आरंभ मात्र एका झाडापासून झाला. १७२९ साली द मैराँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिवसा पाने उघडणारे व रात्री मिटणारे लाजाळूसारखे झाड अंधाऱ्या जागी ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत व रात्रीच्या वेळी मिटत राहिली. सजीवाच्या अंगातच काळ मोजणारी व्यवस्था असते, ह्याची ती पहिली खूण होय.

मनुष्यासह सर्व सस्तन प्राण्यांच्या शरीरातील असे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतू जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर असते. १९७२ साली अमेरिकेतील संशोधकांच्या दोन गटांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. माणसात ह्या जागी साधारण २०,००० पेशींची एक लहानशी जोडी असते. पेशींमधील जी जनुके हे घड्याळ चालवितात, त्यांच्या शोधाबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग ह्यांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित मंद चालते. घरातील मागे पडणारे घड्याळ जसे रोज लावून घ्यावे लागते, तसेच हेही रोज लावावे लागते; आणि ते लावणारी किल्ली म्हणजे उजेड. ज्या अंध व्यक्तींना उजेडाची मुळीच जाणीव होत नाही, त्यांपैकी पुष्कळांचे घड्याळ दररोज थोडे थोडे मागे पडत जाते. काही आठवडे त्यांना रात्री झोप लागते, तर काही आठवडे ती भर दिवसा येते. उजेडाचे महत्त्व ह्यावरून स्पष्ट व्हावे.

डोळ्यांच्या दृष्टिपटलात वस्तू पाहण्याच्या पेशींव्यतिरिक्त आणखी एका जातीच्या पेशी असतात. त्या चित्र पाहत नाहीत. उजेड आहे की नाही, एवढेच त्या मेंदूतील घड्याळास कळवितात. त्यांचा शोध २००२ च्या सुमारास लागला. त्यांतील मेलॅनॉप्सिन हे प्रकाशग्राही द्रव्य १९९८ साली प्रथम सापडले तेही बेडकाच्या कातडीतच! निळसर प्रकाशाला ह्या पेशी सर्वाधिक प्रतिसाद देतात. तांबूस प्रकाशाचा त्यांच्यावर फारच थोडा परिणाम होतो.

सायंकाळी उजेड मंदावला म्हणजे घड्याळ पिनियल ग्रंथीला मोकळीक देते. नेहमीच्या झोपेच्या वेळेपूर्वी साधारण दोन तास मेलॅटोनिन रक्तात चढू लागते, मध्यरात्रीनंतर २ ते ४ च्या दरम्यान ते सर्वाधिक असते व पहाटे ओसरते. ह्या चढत्या काळातच शरीराचे तापमान थोडे उतरते, जांभया येऊ लागतात व डोळे जड होतात.

कंदिलाची रात्र व आजची रात्र

खेड्यांत वीज येण्यापूर्वी सूर्यास्तानंतर घरात चुलीचा जाळ, चिमणी अथवा कंदील एवढाच प्रकाश असे. तो मंद व तांबूस होता. त्याने घड्याळाची फसगत होत नसे. आज लहानशा वाडीतील एका खोलीच्या घरातही पांढरा शुभ्र एल.ई.डी. दिवा लागतो. विजेची बचत व अभ्यासाची सोय ह्या दृष्टीने तो वरदानच ठरला आहे. परंतु त्याच्या पांढऱ्या प्रकाशात निळा भाग पुष्कळ असतो. झोपेच्या वेळेपर्यंत तो डोळ्यांसमोर राहिला, तर घड्याळ अद्याप दिवस आहे असे समजते आणि रात्रीचा निरोप रोखून धरते.

प्रखर उजेडाने माणसाचे मेलॅटोनिन रात्रीही दबते, हे १९८० साली अमेरिकेत प्रथम सिद्ध झाले. त्या प्रयोगात २,५०० लक्सचा, म्हणजे घरगुती दिव्याच्या अनेक पटींनी अधिक, प्रकाश वापरला होता. म्हणून घरातील दिवे निरुपद्रवी आहेत असे काही काळ समजले गेले. पुढील प्रयोगांनी ही समजूत बदलली. झोपण्यापूर्वीचा नेहमीचा घरगुती उजेडही मेलॅटोनिनची चढण लांबवितो, असे दिसून आले. शिक्षकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे असे की, मुलांवर हा परिणाम मोठ्यांहून अधिक होतो. जपानमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राथमिक शाळेच्या वयाची मुले व त्यांचे पालक ह्यांना सायंकाळी सारखाच उजेड दिला असता मुलांतील मेलॅटोनिनची घट मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१८ साली ३ ते ५ वर्षांच्या दहा बालकांना झोपेपूर्वी तासभर प्रखर उजेडात खेळू दिले, तेव्हा त्यांचे मेलॅटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घटले व दिवा गेल्यानंतर पाऊण तास उलटूनही बहुतेकांत ते सावरले नव्हते. लहान मुलांच्या डोळ्यांतील भिंग अधिक स्वच्छ व बाहुली अधिक मोठी असल्यामुळे त्यांच्या दृष्टिपटलावर अधिक प्रकाश पोहोचतो.

मोबाइलचा पडदा दिव्याइतका तेजस्वी नसतो; पण तो डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला जातो. प्रकाश देणाऱ्या पडद्यावर रोज चार तास वाचणाऱ्या प्रौढांना छापील पुस्तक वाचणाऱ्या दिवसांच्या तुलनेत झोप लागण्यास सुमारे १० मिनिटे अधिक लागली व त्यांचे घड्याळ तब्बल दीड तास मागे सरकले, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. ह्याशिवाय खेळ व चित्रफिती मनाला उत्तेजित ठेवतात, हा दोष वेगळाच. आणखी एक पाहू, हे मुलाच्या मनाला सांगणारे चित्र कधी संपतच नाही.

वयाचा भाग

नवजात अर्भकात मेलॅटोनिनची रात्र-दिवसाची लय नसते. ती तिसऱ्या महिन्याच्या आसपास बसू लागते. तोपर्यंत आईच्या रात्रीच्या दुधातून थोडे मेलॅटोनिन त्याला मिळत असते. बालवयात रात्रीचे प्रमाण सर्वाधिक असते. पुढे ते क्रमाने उतरते व वार्धक्यात बरेच कमी होते.

सहावी ते आठवीच्या शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. वयात येताना मुलामुलींचे घड्याळ आपोआपच उशिराकडे सरकते. कालपर्यंत नवाला झोपणारी मुलगी साडेदहापर्यंत जागी राहू लागली, तर तो सर्वस्वी तिचा हट्ट नसतो. शरीरातील रात्रच उशिरा सुरू होत असते. अशा वयात सायंकाळच्या उजेडाची त्यात भर पडली म्हणजे झोप आणखी दूर जाते.

आरोग्यावरील परिणाम

रात्रीच्या पहिल्या प्रहरातील गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते. दिवसा शिकलेले पाढे, शब्द व धडे मेंदू झोपेतच पक्के करतो. झोप वारंवार अपुरी राहिली तर लक्ष टिकत नाही, चिडचिड वाढते, किरकोळ अपघात होतात, आणि स्थूलता व मधुमेह ह्यांचा धोकाही वाढतो. झोप न झालेले मूल नेहमी पेंगतेच असे नाही. पुष्कळदा ते उलट अधिक चळवळे होते, खोड्या काढते, एका जागी बसत नाही. म्हणून शिक्षा होणाऱ्या मुलांतही झोपेविना राहिलेली मुले असू शकतात.

गोळी हा उपाय नव्हे

मेलॅटोनिनच्या गोळ्या बाजारात मिळतात व त्यांविषयी मोबाइलवर बरेच सांगितले जाते. काही विशिष्ट विकारांत डॉक्टर त्या देतात. उजेडाची जाणीव नसलेल्या अंध व्यक्तींचे घड्याळ लावण्यास त्यांचा उपयोग २००० साली सिद्ध झाला आहे. परंतु निरोगी मुलास पालकांनी परस्पर गोळी देणे योग्य नाही. कॅनडात २०१७ साली तपासलेल्या ३१ उत्पादनांपैकी काहींत वेष्टनावर लिहिल्याच्या मानाने फारच कमी, तर एकात चौपटीहून अधिक जास्त मेलॅटोनिन निघाले. शिवाय जे द्रव्य मुलाच्या शरीरात अंधार होताच विनामूल्य तयार होते, ते उजेडाने अडवून मग गोळीने पुरविणे म्हणजे पाटाचे दार बंद करून घागरीने शेत भिजविण्यासारखे आहे.

शाळेत करावयाच्या गोष्टी

१. परिपाठ शक्यतो मोकळ्या पटांगणात घ्यावा. सकाळचा उजेड घड्याळास पुढे आणतो व त्या रात्री झोप वेळेवर येण्यास मदत करतो. वर्गखोलीत २०० ते ५०० लक्स उजेड असतो, तर ढगाळ दिवसातही बाहेर तो बहुधा कित्येक हजार लक्स असतो. उघडीप असेल तेव्हा पावसाळ्यातही हा लाभ घ्यावा.

२. तिसरीपासून पुढील मुलांकडून एक आठवडा ‘झोपेची नोंद’ ठेवून घ्यावी : रात्री झोपण्याची वेळ, सकाळी उठण्याची वेळ व एकूण तास. वजाबाकी, सरासरी व स्तंभालेख ह्यांचा अभ्यास त्यातच होतो आणि शिक्षकांना प्रत्येक मुलाची खरी स्थिती कळते. ही नोंद गुणांसाठी वापरू नये. नाहीतर मुले शिक्षकांना आवडेल तेच लिहितील.

३. द मैराँचा प्रयोग वर्गात करता येतो. कुंडीतील लाजाळूचे रोप दोन दिवस बंद कपाटात ठेवावे व स्पर्श न करता ठरलेल्या वेळी हळूच पाहावे. चिंचेची व टाकळ्याची पाने सायंकाळी मिटतात, हेही मुलांना घराजवळ पाहण्यास सांगावे.

४. गृहपाठ सायंकाळच्या जेवणापूर्वी आटोपेल इतकाच द्यावा. पालकांच्या मोबाइलवर रात्री आठनंतर अभ्यास पाठविण्याची पद्धत बंद करावी. त्यायोगे झोपेच्या वेळी शाळाच मुलाच्या हाती मोबाइल देते.

५. पालकसभेत व शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय मांडावा. झोपेच्या आधी एक तास मोबाइल व दूरदर्शन बंद, मुख्य पांढरा दिवा शक्य तर मालवून लहान पिवळसर दिवा, आणि दुपारनंतर मुलांना चहा नाही, एवढ्या तीन गोष्टी पुरेत. चहातील कॅफीन शरीरातून निम्मे जाण्यासच सुमारे पाच तास लागतात.

६. सांगताना घराची परिस्थिती पाहावी. एकाच खोलीत पाचसहा माणसे राहतात, आईची भांडी नऊनंतर होतात, वडील रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देऊन परततात. तेथे दिवा मालवा असा उपदेश निरर्थक ठरतो. अशा वेळी मुलाचे अंथरूण दिव्याकडे पाठ होईल असे घालावे, दिव्याला पुठ्ठ्याचा आडोसा करावा, इतके सुचविले तरी पुष्कळ झाले. ऊसतोडीच्या हंगामात पहाटेच्या अंधारात उठवली जाणारी मुले झोप दुसऱ्या टोकाने गमावतात. त्यांना मधल्या सुट्टीत अर्धा तास पडू द्यावे.

७. गणपती, नवरात्र वा गावची यात्रा ह्यांतील एखाद्या रात्रीच्या जागरणाचा बाऊ करू नये. शरीर ती उणीव सावरून घेते. रोजचा तासाभराचा उशीर मात्र साठत जातो. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, तेव्हा आधीच्या आठवड्यापासूनच मुलांची झोपेची वेळ रोज दहापंधरा मिनिटांनी अलीकडे आणण्यास पालकांना सांगावे.

८. वेळेवर झोपूनही मूल पेंगत असेल तर कारण अन्यत्र असते. मोठ्याने घोरणे, तोंड उघडे ठेवून झोपणे, फिकट चेहरा, जंत ह्यांकडे लक्ष द्यावे व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्या मुलाचे नाव आवर्जून सांगावे. पथक येण्यास अवकाश असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

ह्या आठही गोष्टींस फारसा खर्च नाही. ज्या मुलाची मान वर्गात खाली येते, त्याला उभे करण्यापूर्वी ‘काल किती वाजता झोपलास?’ हा प्रश्न शिक्षकांनी मायेने विचारावा, एवढ्यापासून आरंभ करता येईल. पुष्कळदा उत्तर ‘अकरा’ किंवा ‘बारा’ असे येते. ते उत्तर मिळाले म्हणजे त्या मुलाच्या नावापुढील ‘मंद’ हा शेरा पुसण्याचे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम त्याच्या घरी, सायंकाळी व्हावयाचे असते. आणि ते घरापर्यंत पोहोचविणारी गावातील सर्वांत विश्वासाची व्यक्ती म्हणजे शिक्षकच होय.